लेक द्यावी का समरकंदला

गाव कुठलंही असो, माझे मामा आधी तिथलं पाणी बघतात. देऊळ नंतर, माणसं नंतर, चहासुद्धा नंतर. तेरखेड्याला एका लग्नात वरातीपुढं दारूकाम चाललं होतं. सगळं गाव माना वर करून आभाळाकडं बघत होतं आणि आमचे मामा मांडवामागं नवरदेवाच्या टाकीत काठी घालून पाणी किती आहे ते बघत होते. नळदुर्गच्या किल्ल्यातलं पडतं पाणी बघायला लोक लांबून येतात. मामा म्हणाले, "पाणी लई हाय. पर बाईमाणसानं घागर भरायला उतरायचं कुठनं?" आणि पाठ करून बसले.

बघून झालं की प्रश्न एकच. "ह्या गावात लेक द्यावी का?"

मामांना स्वतःला लेक नाही. एक मुलगा, सतीश, तो पुण्यात. पण आसपासच्या गावांत मामांनी पुष्कळ सोयरिकी जमवल्या, म्हणून त्यांच्या गावात, ईटमध्ये, त्यांना कुणी हसत नाही. म्हणतात, पाणी बघितल्याबिगर हा माणूस सुपारी फोडत नाही.

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण माझी सोयरीकही मामांनीच जमवली. वडील लवकर गेले, मामा म्हणतील ते खरं. माझं सासर भूमच्या वरच्या अंगाला, माळावर. मामांनी तिथली सागवानी चौकट बघितली, दावणीची बैलं बघितली, वाटीभर बासुंदी प्याले आणि सुपारी फोडून आले. पाणी खाली ओढ्यातल्या विहिरीला होतं, हे मला जावेनं डोक्यावर दोन घागरी चढवल्या तेव्हा कळलं. दारात नळ आला तोवर माझ्या टाळूवरचे केस गेले होते.

वर आणखी मामांचा तोरा बघा. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा मी घागरी घेऊन चढ चढत होते. त्यांनी बघितलं. घरी येऊन मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर घेतला नाही. तेव्हापासून माझ्याकडं येताना ईटहून आपला फिरकीचा तांब्या भरून आणतात आणि त्यातलंच पितात. आता दारात नळ आहे, तरी तेच. माझ्या घरचं पाणी गोड लागत नाही त्यांना. मी कधी बोलले नाही. मला बोलता येत नाही, आणि लिहिता येतं तेही चौथीपुरतं.

तर अशा मामांना घेऊन सतीश उझबेकिस्तानला निघाला. दुबई काय, सगळेच बघतात, म्हणाला, दादांना, म्हणजे मामांना, जुन्या गावांची हौस आहे आणि तिकडं राजेलोकांची जुनी शहरं आहेत. मामी राहिल्या नाहीत आणि मामांचा गुडघा धरतो, म्हणून सोबतीला मी. आमचे मालक म्हणाले, "जा की. मामावरचा राग तिकडंच सांडून ये."

सुट्टी थोडी होती. समरकंद, बुखारा आणि खिवा, यांतली दोनच शहरं निवडा, असं सतीशनं सांगितलं आणि मोबाइलवर फोटो पाठवले. समरकंदचे निळे घुमट बघून माझ्या हातून फोन सुटेना. आमच्या माळावर उन्हाळ्यात आभाळसुद्धा पांढरं पडतं. एवढा निळा रंग मी कधी बघितला नव्हता. एवढं एक बघायला मिळालं तर बास, असं म्हटलं. मनातच.

मामांनी तोच फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"चौकट चांगली हाय. पाणी कुठंय?"

मला देताना हा शहाणपणा कुठं चरायला गेला होता?

मग मामांनी सहलवाल्या बाईंचा जीव खाल्ला. खिव्याच्या राण्या पाणी कुठनं आणायच्या? कोटात विहिरी होत्या, बाईंनी विचारून सांगितलं. मग गोड्या का खाऱ्या? बाई पुन्हा विचारायला गेल्या. बुखाऱ्यात म्हणे जागोजाग तळी होती आणि गडीमाणसं पखालीनं घरोघर पाणी घालायची. हे ऐकून मामा गुडघा विसरून उभे राहिले.

"बाप्ये पाणी आणत्यात? मग बुखारा पक्कं. दोन लेकी दिल्या तरी चालतंय."

समरकंदला कालव्याचं पाणी निघालं. कालवा म्हटला की पाण्याची बारी आली, बारी आली की भांडणं आली, असं म्हणून मामांनी समरकंद मोडीत काढलं. खिवा घ्यायचं ठरलं. मी भाकरी थापत होते, ती परात फुटंल इतकी वाजवली. माझं बोलणं तेवढंच.

नक्की काय ते सांगायला मामा माझ्या घरूनच सतीशशी बोलले. मी चुलीपुढं खाली मान घालून होते. पदर घसरला होता. मामा बोलता बोलता माझ्या टाळूकडं बघत राहिले. मी पदर ओढून घेतला.

"बुखारा म्या निवडलं," ते फोनात म्हणाले. "दुसरं गाव कुसुम सांगंल."

"दादा, तुम्ही तर खिवा म्हणत होता."

"तिला इचार. मागल्या खेपंला तिला कुणीच इचारलं न्हाय."

मला राग यायला पाहिजे होता. इतक्या वर्षांचा साठवलेला होता. पण तो उतरवून ठेवावा कुठं, तेच कळेना. मी म्हटलं, "समरकंद." सतीशला ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं म्हटलं. एवढ्या मोठ्यानं मी या घरात कधी बोलले नव्हते.

मामांनी तोंड उघडलं. आता विचारणार, पाणी कसं हाय तिथं. मी भाकरी तव्यावर टाकून वाट बघत राहिले.

"कुसुम," ते म्हणाले, "जरा पाणी दे की प्यायला."

त्यांचा फिरकीचा तांब्या शेजारीच होता, काठोकाठ भरलेला.