सतरा नंबरचा वाडगा

चीनमधल्या जुन्या शीआन शहराच्या तटबंदीवरून सकाळचा उजेड उतरतो तो घाई न करता. आधी बुरुजाच्या कौलांवर रेंगाळतो, मग गल्लीतल्या डाळिंबाच्या झाडात जरासा अडकतो, आणि शेवटी मा उस्तादांच्या खाणावळीच्या खिडकीतून आत येऊन मटणाच्या रश्श्याच्या वाफेत विरघळतो. त्या उजेडात दोउ काका चाळीस वर्षे एकाच मेजाशी बसून रश्श्यात घालायची रोटी कुस्करत आले होते.

आज त्यांच्यासमोर दक्षिणेतल्या ग्वांगझोउहून आलेला झाओलिन होता. घड्याळे दुरुस्त करणारा, अबोल मुलगा. शेजारी बसलेल्या काकांच्या मुलीशी, वानशी, त्याला लग्न करायचे होते. काल काकांनी त्याला तटबंदी आणि गावातले घंटेचा व नगाऱ्याचा असे दोन्ही मनोरे दाखवले होते. परीक्षा मात्र आज होती.

"सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे," काका म्हणाले. "ज्याच्या बोटांत धीर नाही, त्याला मी मुलगी देत नाही. तुम्ही भात खाणारी माणसं, तुम्हाला काय जमणार म्हणा!"

झाओलिनने बारीक कामाचा जाड चष्मा चढवला. पाऊण तास दोघे कुस्करत राहिले. मग नंबराचा एकेक बिल्ला वाडग्यात, त्याच नंबराचा जोडबिल्ला ज्याच्या त्याच्या हातात, आणि वाडगे रश्श्यासाठी आत गेले.

लगेच मा उस्ताद झाऱ्यासकट बाहेर आले. "सतरा नंबर कोणाचा? रोटी कुस्करलीय की तटबंदी पाडलीय?"

खाणावळ खदखदून हसली. काकांनी विजयी मुद्रेने झाओलिनकडे बोट दाखवले. "दक्षिणेचा पाहुणा आहे, उस्ताद. पोटात घाला!"

झाओलिनने आपला अठरा नंबरचा बिल्ला मुकाट्याने मुठीत लपवला.

"बाबा, तुमचा बिल्ला बघू," वान म्हणाली. "हा सतरा आहे."

"छट्! अकरा आहे तो. नाहीतर आत वाडगे बदलले असतील."

"माझ्या चुलीवर?" उस्तादांचा आवाज चढला. "दोउदादा, घ्या दुसरी रोटी! इथंच, सगळ्यांदेखत!"

चहूकडच्या जेवणाच्या काड्या थांबल्या. काकांनी ऐटीत दुसरी रोटी कुस्करून वाडगा पुढे सरकवला. "बघा. सोयाबीन!"

या वेळी कोणीही हसले नाही. तुकडे खजुराएवढे होते.

झाओलिनने चष्मा काढून हलकेच पुढे केला. "काका, काच मळलीय का, जरा बघता?"

काकांनी तो डोळ्यांना लावला. आपला वाडगा पाहिला. मग अठरा नंबरचा मागवून पाहिला. तुकडे जणू चाळणीतून पडलेले. ते झाओलिनकडे वळले.

"काल घंटामनोरा म्हणून मी तुला काय दाखवलं?"

"नगारामनोरा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं दाखवत होतात..."

"आणि दारातल्या दगडी सिंहाला 'जेवलात का, वहिनी?' विचारलंत!" वान म्हणाली.

"दोउदादा," उस्ताद म्हणाले, "असा जावई दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही."

काही वेळाने वाफाळते वाडगे आले. काकांनी अठरा नंबरचा स्वतःकडे ओढला आणि सतरा झाओलिनपुढे ढकलला. "जावयानं सासऱ्याच्या हातचं खावं!"

टाळ्यांनी वाफसुद्धा हलली. झाओलिनने पहिला, आतून कोरडाच राहिलेला जाडाभरडा तुकडा असा चावला, जणू सारे शहर जिंकले होते. चष्मा मात्र काकांनी परत दिला नाही.

"तीन वर्षं झाली," ते वाडग्यात पाहत म्हणाले. "मला नीट दिसत नाही."