अस्तरातले पासपोर्ट

पासपोर्ट हरवणं हे वेंधळ्यांचं काम, असं मास्तरांचं स्पष्ट मत होतं. चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या माणसाकडे वस्तू सांभाळायची अक्कल असतेच. तेव्हा युरोपच्या पार उत्तर टोकाला, लेकीकडे निघताना त्यांनी स्वतःचा आणि बायकोचा असे दोन्ही पासपोर्ट कोटाच्या अस्तरात घातले आणि वरून दुहेरी टीप मारली.

बाकीचे सल्लेही त्यांनी तंतोतंत पाळले होते. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घालावेत. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही, म्हणून डोळ्यांना पट्टी हवी. कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही, म्हणून ती मोठ्या बॅगेच्या तळाशी गेली आणि बॅग सुतळीने आवळली गेली. गल्लीत जो भेटेल त्याला मास्तर हे ऐकवत होते.

एक गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नव्हते. लेकीने परस्पर लग्न ठरवलं म्हणून ते लग्नाला गेले नव्हते, आणि गेल्या चार वर्षांत जावयाशी एक शब्दही बोलले नव्हते. जावई तिकडे ऑपरेशनं करणारा डॉक्टर होता, एवढंच त्यांना माहीत. या वेळी लेकीने तिकिटं पाठवली आणि सोबत निरोप दिला, "आता आला नाहीत, तर पुन्हा बोलावणार नाही."

विमानतळाच्या दारातच शिपायाने पासपोर्ट मागितला.

मास्तर चक्रावले. पासपोर्ट लागतो तो परक्या देशात उतरल्यावर, आपल्याच माणसांना तो कशाला दाखवायचा, असा त्यांचा हिशेब होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांनी कोट काढून बाकावर पसरला आणि किल्लीने टीप उसवायला घेतली. टाका हलेना. मग बायकोची सेफ्टी पिन झाली, नखं झाली. तिळाएवढ्या टाक्यांचा आयुष्यभर मिरवलेला अभिमान आता चांगलाच महागात पडत होता. शिपाई कमरेवर हात ठेवून बघत राहिला. आत चेक-इनची खिडकी बंद व्हायला पंचवीस मिनिटं उरली.

बायको दाताने दोरा तोडायला वाकली, तर मास्तरांनी तिला अडवलं. अस्तर फाटेल म्हणे.

ती सरळ उभी राहिली. "अस्तर जपा तुम्ही," ती म्हणाली. "लेक गेली तरी चालेल."

चाळीस वर्षांत मास्तरांनी स्वतःचं काम कधी फाडलं नव्हतं. त्यांनी अस्तर दोन्ही मुठींत धरलं आणि खांद्यापासून खालपर्यंत टराटरा फाडलं. त्या क्षणी त्यांना वाईट वाटलं ते कोटाचं नव्हे, वाया घालवलेल्या चार वर्षांचं.

विमान मिळालं. तिकडे लेक गळ्यात पडून रडली. जावयाने वाकून नमस्कार केला. मास्तरांनी नुसती मान हलवली. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जाग आली, तर कोट खुर्चीवर होता आणि अस्तर शिवलेलं होतं. बायकोला सुईचं भोकही दिसत नाही आणि लेकीला बटण लावता येत नाही. मास्तर कोट घेऊन खिडकीशी गेले, चष्मा लावला. सरळ, बारीक, एकसारखे टाके. रोज माणसं शिवणाऱ्याचा हात होता तो. अर्धा तास खोड शोधून अखेर एक सापडली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. कोट अंगात चढवून ते स्वयंपाकघरात गेले. जावई भांडी घासत होता.

"टाका बरा आहे, जावईबापू," मास्तर म्हणाले. "पण अस्तर ढिलं ठेवायचं असतं. एवढं घट्ट शिवलं तर पहिल्याच मिठीत उसवेल."

जावयाने हात पुसले. "बघू या का?" त्याने विचारलं.

खांद्यापाशी टर्रकन आवाज आला.

"सांगितलं होतं ना," मास्तर म्हणाले, पण त्याला सोडेनात.