फरशीवर ठपका

मूल पडणे ही जगभर घडणारी घटना आहे. पण ती घडली असे केव्हा धरायचे, याबाबत देशोदेशी मतभेद आहेत. आपल्याकडे मूल रडले की ते पडलेले असते. अमेरिकेत अर्ज भरून झाला की पडलेले असते. तोवर ते नुसतेच आडवे असते.

हा फरक मीनाक्षी देवपुजारीला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी समजला. नागपुरात तिने अकरा वर्षं बालवाडीत शिकवलं होतं. मग गुरुनाथच्या नोकरीपायी ती अमेरिकेतल्या कॅरी गावी आली आणि नवऱ्याच्या व्हिसावर सात वर्षं घरी बसून डाळ-तांदळाचे डबे पुसले. अखेर काम करायची परवानगी मिळाली आणि जवळच्या एका बालशाळेने (नाव देत नाही, शाळेचे वकील फार वाचतात) तिला नव्वद दिवसांच्या प्रोबेशनवर घेतलं. नव्वद दिवस सुरळीत गेले तर कायम, नाहीतर पुन्हा डबे. मीनाक्षीला ही नोकरी अगदी मनापासून हवी होती.

शाळेची नियमपुस्तिका एकशे अठरा पानांची होती आणि ती वाचून कोणाचंही अमेरिकेबद्दलचं मत चांगलंच होईल. मुलाला जवळ घ्यायचं ते बाजूने, समोरून नाही. 'धावू नका' म्हणायचं नाही. 'आपले पाय चालणारे आहेत' अशी पायांना आठवण करून द्यायची. 'शहाणा मुलगा' म्हणायचं नाही, कारण त्यामुळे उरलेले तेरा वेडे ठरतात. एक मूल दुसऱ्याला चावलं तर अर्जात चावणाऱ्याचं नाव न घालता 'एक मित्र चावला' असं लिहायचं. (पहिल्या महिन्यात वर्गात सहा जणांना मित्र चावले. शत्रू एकदाही चावला नाही.)

पडलेल्या मुलासाठी पाच पायऱ्या होत्या: गुडघ्यांवर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येणे, त्याच्या भावनेला नाव देणे, बर्फाची पिशवी लावण्याची त्याच्याकडे परवानगी मागणे, नकार आल्यास नकाराचा आदर करणे, आणि अर्ज. अर्जाला 'आउच रिपोर्ट' म्हणत. त्यात 'इजेचं कारण' असा एक रकाना होता आणि त्या एका रकान्याने शाळेची झोप उडवली होती. मुलाचं चुकलं असं लिहिलं की पालक भडकत. बाईंचं लक्ष नव्हतं असं लिहिलं की पालकांचे वकील भडकत.

बासष्टाव्या दिवशी कूपर नावाचा चार वर्षांचा मुलगा, पायांना रीतसर आठवण करून दिलेली असतानाही, धावला आणि सपाट फरशीवर आपटला. मीनाक्षी गुडघ्यांवर बसली. "कूपर, आय सी यू आर फीलिंग सॅड," असं म्हणाली. आपलं दुःख बाईंना दिसतंय हे कळल्यावर कूपरने आवाज दुप्पट केला. तिसरी पायरी आठवेपर्यंत मीनाक्षीचा उजवा हात तिला न विचारताच उठला आणि फरशीवर सपकन बसला.

"हात्त् गं फरशी! आमच्या बाळाला लागवलंस? थांब, बघतेच तुला!"

कूपर चार सेकंदांत गप्प झाला. (शाळेची सरासरी अकरा मिनिटं.) मराठीचा गंध नसताना त्याला न्याय झाल्याचं समजलं. त्याने आपल्यातर्फेही फरशीला एक लगावली आणि खेळायला निघून गेला. मीनाक्षीने अर्जात कारणापुढे जे घडलं तेच लिहिलं: फरशी.

गुरुवारपर्यंत वर्गातल्या चौदाही मुलांनी टेबल, घसरगुंडी, दार आणि हात धुवायचा साबण यांना शासन केलं होतं. शुक्रवारी कूपरच्या आईचा फोन आला. कूपरने घरच्या फ्रिजला मारलं होतं आणि मारताना "हत्त्" म्हणाला होता. तर हा शब्द नेमका किती वाईट आहे, अशी पृच्छा होती. संचालिका मिस ब्रेंडांनी सोमवारी बैठक बोलावली.

"यार मीनाक्षी," गुरुनाथ घरी म्हणाला, "प्रोबेशन संपेपर्यंत तरी कुणाला मारायचं नाही ना!"

"फरशीला मारलं रे मी."

"इथे फरशीचापण इन्शुरन्स असतो."

मीनाक्षीला हसू आलं नाही. तिने त्या शनिवार-रविवारात डबे दोनदा पुसले, म्हणजे सवय राहील.

बैठकीला मिस ब्रेंडा, एक वर्तनतज्ज्ञ आणि शाळेचे वकील उपस्थित होते. मीनाक्षीला पुढील प्रश्न विचारण्यात आले. फरशीला मारताना हात उघडा होता की मूठ? फरशीची बाजू मुलांना सांगितली होती का? फरशी मुलगी आहे असं तिने कशावरून ठरवलं? (मीनाक्षीने मराठीचं लिंगप्रकरण समजावून सांगितलं. वर्तनतज्ज्ञांनी हळहळून मान हलवली.) मग असं ठरलं की मुलांनी फरशीभोवती गोल बसून तिची माफी मागावी. फरशीभोवती बसायला फरशीवरच बसावं लागलं, यावर आन्या नावाच्या मुलीने हरकत घेतली, आणि तिच्या हरकतीचा आदर करून तिला उभं ठेवण्यात आलं. चौदा माफीपत्रं फरशीला चिकटवली गेली. त्यांवरून घसरून दोघं जण पडले.

या दोघांच्या अर्जांतही मीनाक्षीने 'फरशी' लिहिलं. आता नोकरी जाणारच, तर खोटं कशाला लिहा, असा तिचा विचार होता. पण वकीलसाहेबांनी फाइल चाळली आणि ते चष्मा पुसायला लागले. शाळेच्या चौदा वर्षांच्या इतिहासात, मूल पडलं त्याच दिवशी, एकही प्रश्न न विचारता पालकांनी सही करून दिलेले तीनच अर्ज होते आणि तिन्ही मीनाक्षीचे होते. कूपरच्या आईचा फोनसुद्धा फ्रिजबद्दल होता, कूपरच्या गुडघ्याबद्दल नव्हता.

महिनाभरात या पद्धतीला 'परिसर-उत्तरदायित्व' असं नाव मिळालं, अर्ज संगणकावर गेला आणि कारणांची यादी तयार झाली. पहिल्या तीन महिन्यांत एकूण पडझड २१२. दोषी: फरशी १३१, टेबलाची कड ४०, बुटाची नाडी २२, दार १८, खुर्ची १ (तिला सुधारणेसाठी अडगळीत ठेवलं आहे). मुलं शून्य, शिक्षिका शून्य, संचालिका शून्य. दुसऱ्या गावांतल्या बालशाळांतून बाया हात्त् म्हणायला शिकण्यासाठी येऊ लागल्या. मीनाक्षी नव्वदाव्या दिवशीच कायम झाली होती, वर आता प्रशिक्षकही झाली.

मग एका बुधवारी तिच्या हातून पाण्याचा जग कलंडला. फोनवर पालकांसाठी फोटो चढवायचे होते, म्हणून ती 'पुसू नंतर' म्हणाली. त्या पाण्यावरून आन्या घसरली आणि तिच्या कोपराला चांगलंच लागलं. मीनाक्षीला फार वाईट वाटलं. तिने आन्याला समोरून कवटाळलं आणि संगणकावर कारण शोधायला गेली. यादीत एकशे सहा वस्तू होत्या. माणूस नव्हता.

"ब्रेंडा, चूक माझी आहे. ते कुठे लिहू?" तिने इंग्रजीत विचारलं.

"सो ऑनेस्ट ऑफ यू!" ब्रेंडा गहिवरल्या. "पण तुझ्यासाठी बॉक्सच नाहीये, मीना. आणि तुझ्याशिवाय आम्ही काय करणार?"

आन्या डोळे पुसत शेजारी उभी होती. "बट मिस मीना, यू स्पिल्ड इट," ती म्हणाली.

मीनाक्षीला डबे पुसण्यात गेलेली सात वर्षं दिसली. मग तिने 'पाणी' निवडलं, आणि तेरा मुलांनी येऊन पाण्याला यथेच्छ बडवलं. आन्याने हात वर केला नाही. तिच्या आईने, सुलेखाने, संध्याकाळी हसतमुखाने सही केली.

वाचकहो, मीनाक्षीला नावं ठेवायला हरकत नाही. पण परवा आपल्या घरी दूध उतू गेलं तेव्हा फोन कोणाच्या हातात होता, हे दुधाने पाहिलेलं आहे. ते बोलत नाही, म्हणूनच आपण त्याच्यावर ओरडलो.