हैबतरावांच्या फटफटीचे कोस

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांस आयुष्य आणि सांगणारास थोडी अक्कल लाभो, कारण हे वर्तमान लिहिणारासही पुरते उमगले नाही. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध सप्तमीचे दिवशी राज्यात हुकूम जाहला, जे, ज्याने घर भाड्याने दिले असेल त्याची फटफटी सरत्या वर्षात त्या घराचे कामास जितके कोस धावली, तितक्या कोसांची वजावट सारापट्टीत मिळेल. खाजगी कोसांची कवडीही मिळणार नाही. हैबतराव म्हणोन एक विधुर गृहस्थ, त्यांचे घर नऊ कोसांवर, आणि त्यात भाडेकरी विसोबा, रावांचे लहानपणचे सोबती. राव दर शनिवारी फटफटीवर स्वार होऊन तेथे जात, आणि कौलांकडे एकवार मान वर करून पाहात, आणि मग सोंगट्यांचा पट मांडून दिवस मावळेतो विसोबांशी कडाकडा भांडत, आणि परत येत. पट्टी थकली होती. वजावट न मिळे तर फटफटी विकणे प्राप्त, आणि फटफटी गेली म्हणजे शनिवार गेला, या चिंतेने रावांचे तोंडचे पाणी पळाले.

मग रावांनी कोसांची वही लिहावयास घेतली, आणि घोटाळ्यात पडिले. जाणे घरासाठी म्हणावे, तर येणे कोणासाठी? कौले पाहण्यास दोन पळे लागली आणि सोंगट्यांस दोन प्रहर, तर नऊ कोसांतले घराचे किती आणि पटाचे किती? वाटेत चहा प्याले, तो घरमालक हैबतराव प्याला की नुसता हैबतराव? डोक्याचा पार भुगा जाहला. शेवटी वैतागून बावन्न शनिवारांपुढे 'घरदुरुस्ती' लिहून मोकळे जाहले, आणि कचेरीत गेले.

कमाविसदारांनी वही चाळिली आणि भुवई चढविली. "राव, बावन्न शनिवारांत बावन्न वेळा कौले फुटली? घरात भाडेकरी ठेविला आहे की माकडे?" आणि साक्षीस विसोबांस बोलाविले. विसोबांस फटफटीची काळजी ठाऊक होती. ते हात जोडून बोलिले, "सरकार, राव येतात ते घरासाठीच. माझ्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. कौलं बघतात आणि जातात."

"ठीक. वजावट मंजूर," ऐसे म्हणोन कमाविसदारांनी शिक्का उचलिला.

आता रावांनी पेढे वाटावे की नाही? तर नाही! राव लालबुंद होऊन उठिले. "काय म्हणालास विश्या? देणंघेणं नाही? वर्षभर नऊ नऊ कोस हाडं खिळखिळी करून येतो, ते कौलांसाठी? कौलं गेली खड्ड्यात! सरकार, लिहा, खाजगी. सगळे बावन्न खाजगी!"

"अरे येड्या, गप की! तुझ्यासाठीच खोटं बोलतोय मी," विसोबा कुजबुजले, ते साऱ्या कचेरीने ऐकिले.

कमाविसदार एकदा यांचेकडे, एकदा त्यांचेकडे पाहात राहिले, आणि मंजूर वजावट नाकारणारा इसम कोणत्या कलमात बसवावा ते त्यांस सुधरेना. मग मुकाट्याने खाजगी लिहिले. राव बाहेर पायरीवर येऊन बसले, आणि आपण हे काय करून बसलो, ते त्यांस कळेना.

"विश्या, फटफटी गेली रे. आता शनिवारी येऊ कसा?"

विसोबा शेजारी टेकले. "तू नकोस येऊ. मी येतो एष्टीनं. आणि पटावर लबाडी करशील तर बघ."

सारांश, कोस सगळे बुडाले, फटफटी विकिली, आणि राव तोट्यात जाऊन खुशीत राहिले. का, ऐसे विचारिता राव म्हणत, "मला तरी कुठं कळलंय?"