मागची सीट

कोल्हापुरातल्या त्या दुकानात बॅटरीच्या दोन सायकली विकायला होत्या, आणि त्यातली एक तिथं नव्हतीच. तिचं नुसतं चित्र भिंतीवर होतं. जाड टायर, गियर, डोंगर चढायची ताकद. दुसरी समोर उभी होती. साधीच, पण मागं ऐसपैस सीट.

"चित्रातली कधी येणार?" कसबा बावड्याच्या जोतीरामांनी विचारलं.

"पुण्यास्नं यायची हाय, पावणं. दिवाळी उजाडंल. ही घ्या की, आत्ता चालवत न्या."

"हीच घ्या," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या. "बावड्यात कुठला डोंगर चढायचाय तुमास्नी?"

जोतीरामांनी गंभीरपणे चित्राकडं पाहिलं. कंबरेच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली, म्हणून त्यांनी आपली मोटरसायकल शेजारच्या पिराजीला विकली होती. लग्न झाल्यापासून शालूबाई त्या गाडीवर मागं बसून 'हळू चालवा'पासून सुरुवात करत आणि नवऱ्याच्या खानदानाचा उद्धार करून मगच उतरत. चित्रातल्या सायकलीला मागं सीटच नव्हती. तिचा हा सगळ्यात मोठा गुण जोतीरामांनी कुणाला बोलून दाखवला नाही.

"मी थांबतो," ते म्हणाले.

सायकल आली ती थेट दिवाळी पाडव्याच्या आदल्या दिवशी. पाडव्याला बावड्यात म्हशी सजवून पळवतात. मालक गाडीवर पुढं, म्हैस मागं. गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो आणि त्या आवाजामागं म्हैस धावते, असं सगळे मानतात. जोतीरामांची चंद्री आता म्हातारी झाली होती. यंदाचं तिचं शेवटचं पळणं. शिंगं रंगवताना जोतीरामांचे डोळे भरून आले होते.

चौकात हलगी वाजली, थांबली, आणि जोतीराम निघाले. सायकलचा आवाज शून्य. थोडं पुढं जाऊन त्यांनी वळून पाहिलं, तर चंद्री जागेवरच रवंथ करत उभी.

"दादा, आवाज नगं का?" पिराजी ओरडला. "मुक्या गाडीमागं म्हस येती व्हय?"

नव्या सायकलचे गियर सगळ्यांनी मोजले होते, टायर दाबून पाहिले होते, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पिराजीनं तीच जुनी मोटरसायकल आणली आणि चंद्रीच्या पुढ्यात अशी रेस केली, की खिडक्या हादरल्या. चंद्रीनं शेपटीनं एक माशी हाकलली.

"ऱ्हाऊ दे आता. थकलीया ती," कुणीतरी हळूच म्हणालं. जोतीरामांना ते ऐकवेना.

तेवढ्यात शालूबाई तरातरा आल्या. "आवं, फेटा घरात इसरलासा! बोडक्यानं मिरवाय निघालाय, लाज हाय का न्हाई?"

चंद्रीनं कान टवकारले. ती दुडक्या चालीनं थेट शालूबाईंकडं आली.

पिराजीनं गाडी बंद केली. "वैनी, म्हंजे इतकी वर्सं पाडव्याला तुमी दादांच्या मागं बसून बोलत हुता, आन् ही तुमच्या आवाजामागं पळत हुती! बसा माझ्या मागं, आन् बोलत ऱ्हावा."

शालूबाई बसल्या. "पर काय बोलू?" जन्मात पहिल्यांदाच त्यांना काही सुचेना. सगळं बावडं त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. चंद्री पुन्हा थांबली.

जोतीरामांनी चंद्रीकडं पाहिलं आणि ते शालूबाईंकडं वळले.

"शालू, ही सायकल मी मुद्दाम घेतली. मागं सीट न्हाई म्हणून. तू बसू नयेस म्हणून."

पुढचं सगळं बावड्यानं ऐकलं. शालूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला तो नदी येईपर्यंत थांबला नाही, आणि चंद्री तरण्या म्हशींना मागं टाकत, कवड्यांची माळ उधळत पळाली. लोडशेडिंगमुळं सायकलची बॅटरी अर्धीच भरली होती. सगळ्यात शेवटी जोतीराम ती हातानं रेटत पोचले, आणि चंद्रीच्या मानेला मिठी मारून रडले.

दोन दिवसांनी ते पुन्हा दुकानात उभे होते.

"ती मागं सीट असलेली द्या."

"ती खपली की, पावणं. आता संक्रांत उजाडंल."

"थांबतो," जोतीराम म्हणाले. "पर जरा लवकर बघा. पाडव्यापास्नं घरात बायकू एक शबुद बोलंना. चंद्री वैरणीला तोंड लावंना, आन् मला बी घास उतरंना."