मोडलं की या

पौडला मास्तर म्हणून गेलो, तेव्हा सदूतात्यांच्या पडवीत एक सायकल टांगलेली दिसली. चाकांच्या जागी तिला सुपं बांधली होती. हे भात उफणायचं यंत्र. एकदाच फिरलं आणि सगळे दाणे शेजाऱ्याच्या अंगणात गेले, असं खुद्द तात्यांनीच मला कौतुकानं सांगितलं.

तात्यांची भाताची खाचरं चांगली होती. हाती उरलेला पैसा लोक सोन्यात घालत; तात्या तो दुसऱ्यांच्या डोक्यातल्या यंत्रांत घालायचे. लोहार असो, सुतार असो, ज्याच्या डोक्यात किडा वळवळला तो त्यांच्या दारी. तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कवा मोडलंय का?" मोडलं नसेल तर चहा पाजून म्हणायचे, "मोडलं की या." मोडलं असेल तर पैसे द्यायचे. व्याज नाही, कागद नाही. यंत्र चाललं तर कमाईत रुपयाला चार आणे वाटा, नाही चाललं तर सांगाडा पडवीत.

इतक्या वर्षांत एकच चाललं, पेंढा कापायचं. त्याच्या वाट्यावर बाकीचे सगळे सांगाडे पोसले गेले.

"मास्तर, सगळीच रोपं जगत न्हाईत," तात्या म्हणायचे. "म्हणून पेरायचं सोडतंय व्हय कुणी?"

एका माणसाला एकदाच पैसे, हा मात्र कडक नियम. अपवाद बाजारातल्या सायकलवाल्या अब्बासमिस्त्रीचा. भाताची लावणी करणारं यंत्र तो सहा वर्षं बनवत होता. दर आषाढात ते चिखलात रुतायचं आणि तात्या पुन्हा पैसे काढायचे. सातव्या वर्षी तर त्यांनी दुभती म्हैस विकली. म्हातारा खुळावला, असं गाव म्हणालं. त्यांच्याकडचा चहा कोरा झाल्यामुळे मी जरा जास्तच म्हणालो.

त्या वर्षी यंत्र बघायला आम्ही बांधावर जमलो. तात्यांच्या पत्नी यमुनाकाकू खाचरात उतरल्या. जन्मभर वाकून लावणी करून त्यांची पाठ कायमची वाकली होती. समोरच्याशी बोलायच्या त्याही त्याच्या पायांकडे बघत. यंत्र त्यांनीच धरलं. ते आठ-दहा हात चाललं, आणि मागं रोपं रांगेत उभी राहिली. तात्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. मग हळूहळू त्यांची पकड सुटली. काकू होत्या तशाच वाकून चालत होत्या. यंत्राचा दांडा जेमतेम मांडीपर्यंत येत होता.

"दांडा एवढा तोकडा का रं?"

"काकीचंच माप घेतलंय, तात्या," अब्बास म्हणाला. "त्यास्नी धरायला सोपं पडावं म्हणून."

तात्या चिखलात उतरले. दांड्यावर हात ठेवून बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. म्हशीबद्दल जे जे बोललो होतो, त्याची मला लाज वाटली.

"हे माप तिचं न्हाई, अब्बास. लग्नात ही माझ्यापरीस बोटभर उंच हुती. अंतरपाटावरनं तिचं कपाळ दिसत हुतं मला."

काकूंचे खांदे हलले. मान खाली होती, त्यामुळे हसल्या की रडल्या ते कळलं नाही.

"त्या मापाचा दांडा कर," तात्या म्हणाले. "मोडला की परत ये."