तीन शिट्ट्यांचा वर्ग

आमच्या वर्गाला घंटा नाही, कुकर आहे. संध्याकाळी सातला मोबाइलवर वर्ग सुरू होतो आणि भास्करसरांच्या घरातल्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की संपतो. संपतो कसला, तुटतो! एकदा सर म्हणाले, "म्हणून या त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं..." आणि झाली शिट्टी. सरांनी खडू खाली ठेवला. आमचा त्रिकोण बिचारा दुसऱ्या दिवशीपर्यंत लटकलेला.

भास्करसर निर्मळला आमच्या शेजारीच राहतात. मागे केळीची वाडी, पुढे पडवी, पडवीत दिवसभर सर. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून दहावी राहिलेल्या आम्हा थोराड मंडळींसाठी त्यांनी हा ऑनलाइन वर्ग काढला. मी सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंग करते. मुलगा कॉलेजात गेला, तेव्हा म्हटलं आता आपण बसू.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

मी म्हटलं, "रोहनची आई."

"रोहन झाला की दहावी! तुमचं नाव सांगा."

"सुनंदा."

"या, सुनंदाताई."

हे असं प्रत्येकाला. आडनाव नको, कुणाची आई नको, कुणाची सून नको. शाळेत पोरांना 'गाढवा' म्हणणारे सर आम्हाला अहो-जाहो करतात, चुकलं की "वा! आता मजा आली" म्हणतात. गृहपाठ लिहायला वेळ नसेल तर बोलून पाठवा, म्हणतात. आमच्यातले उमेळ्याचे रघुनाथभाऊ तर एकदा म्हणाले, "सर, मना काय समजला नाय, पन ऐकाया बरा वाटला." सरांनी तोच धडा पुन्हा घेतला, नव्याने, काकडीच्या वाफ्याचं उदाहरण देऊन.

फक्त एका शब्दाला वर्गात बंदी. 'सोपं'. कुणी "हे सोपं आहे" म्हणालं की सर लाल! "तुम्हाला आलं ना? मग गप्प बसा. ज्याला येत नाही, त्याच्या जिवाला विचारा सोपं म्हणजे काय ते."

बाकी सगळं ठीक, पण शिट्टीचं काय? विचारलं की ठरलेलं उत्तर, "मोठ्या माणसाचं लक्ष तीन शिट्ट्यांपुरतंच असतं." अहो, पण निदान वाक्य तरी पूर्ण करा! शेवटी वर्गाने मला पुढे केलं. शेजारीण ना मी! एका संध्याकाळी वर्ग सुरू असतानाच, मोबाइल हातात घेऊन, मी त्यांच्या घरात शिरले.

आणि दारातच थबकले. हॉल मोठा, हवेशीर, तो सोडून सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसलेले. फळा फ्रिजला टेकवलेला. म्हणून इतके दिवस आम्हाला फळ्यामागे लसणाची वेणी दिसायची होय! बोलत होते आमच्याशी, पण बघत होते आत. आत कमलमामी, सरांच्या बायको, पाठ करून वाल सोलत होत्या. कसल्या सोलतायत! एकच शेंग कधीची हातात धरलेली, मान तिरकी, कान फळ्याकडे. तिसरी शिट्टी झाली, मामी गॅसकडे उठल्या आणि सरांनी त्याच क्षणी खडू ठेवला. मामींचं एकही वाक्य बुडायला नको, म्हणून!

सर मला हाताला धरून वाडीत घेऊन आले. केळीआड उभं राहून हळूच म्हणाले, "लग्न झालं तेव्हा नववी झाली होती तिची. दहावीला बसवायचं म्हणून मीच शिकवायला लागलो. एकदा पाहुण्यांसमोर गणित अडलं आणि मी मूर्ख म्हणालो, 'अगं, सोपं तर आहे!' तिने पुस्तक मिटलं ते मिटलंच. पुन्हा विषय काढायचा नाही, अशी तंबी आहे."

"मग हा वर्ग?"

"तुमच्यासाठीच की!" सर म्हणाले. मग पायाकडे बघत म्हणाले, "बाहेरून दहावीला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते, सुनंदाताई. या वर्षी ती बसली ना, तर मला दुसरं काही नको."

वर्गाला मी सांगितलं, शिट्टीबद्दल कुणी ब्र काढायचा नाही.

गुरुवार आला. सरांचं तोंड एवढंसं. फळ्यावर त्यांनी भिंत काढली, भिंतीला तिरकी शिडी लावली. "शिडीचं खालचं टोक भिंतीपासून तीन फूट लांब, वरचं टोक चार फूट उंचावर. शिडी केवढी?"

कुणी वहीत शिडी काढू लागलं, कुणी बोटं मोजू लागलं. मला येत होतं, खोटं कशाला बोलू, पण मी दात आवळून बसले.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. सर फळ्याकडे तोंड करून नुसते उभे.

आणि आतून आवाज आला, "पाच फूट. पण असली शिडी काय कामाची? केळीच्या घडालाही पोचायची नाही!"

सर वळले नाहीत. फळ्यावरच्या शिडीशेजारी त्यांनी पाच लिहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "नाव काय तुमचं?"

"अहो, काय हे! लोक ऐकतायत."

"वर्गात मी सगळ्यांना विचारतो. नाव?"

मग अगदी बारीक आवाजात, "कमल."

"या, कमलताई."

"ताई काय ताई! बायको आहे मी तुमची!"

आम्ही माइक बंद करून हसलो आणि डोळे पुसले. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली. सवयीने सरांनी खडू ठेवला.

"थांबलात कशाला?" मामी उंबरा ओलांडून पुढे आल्या. हाताला वालाची सालं तशीच. "जा, गॅस तुम्ही बंद करा. मला हे उतरवून घ्यायचंय. आणि कपाटात लपवलेला तो फॉर्म उद्या सकाळी आठवणीने काढून ठेवा."

सर आत गेले. गॅस बंद झाला, पण सर काही बाहेर येईनात. नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा माइकवर स्पष्ट आला. मामींनी एकदा आत पाहिलं, मग पदर सावरून सरांच्या खुर्चीवर बसल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "येतील ते. तोवर ज्यांना ही शिडी नाही कळली त्यांनी विचारा. आणि ज्यांना सोपी वाटली, त्यांनी गप्प बसा."